दवाखान्याच्या दारापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत

आजारी माणसाला आपण दवाखान्यात 'दाखल' करतो. हा शब्द अरबीतून आला आणि उर्दूत व मराठीत सारखाच रुळला. खुद्द 'दवाखाना' हा शब्दही तसाच आलेला. 'इस्पितळ' पोर्तुगीजांकडून आले, 'रुग्णालय' संस्कृतातून घडवले गेले. आत जाण्यासाठी आपल्याकडे असे शब्दांचे भांडार आहे. बाहेर पडण्यासाठी मात्र आपण अडखळतो. कोणी 'डिस्चार्ज मिळाला' म्हणतो, कोणी 'सुट्टी झाली', कोणी 'घरी सोडलं'. शाळेत मुलांना सुट्टी होते तेव्हा काम संपलेले असते. दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा मात्र घरच्यांचे काम नुकते सुरू होत असते.

ही गोष्ट साधी वाटते, पण रुग्णाने नेमके केव्हा घरी जावे, कसे जावे आणि गेल्यावर त्याने काय खावे, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात फार जुना आहे. त्याची उत्तरे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी दिली. त्यांतली काही आपल्या वारशातली आहेत. वारशाचा अभिमान बाळगण्यापुरते ती सांगून थांबू नये, आजच्या आपल्या मोहल्ल्यात त्यांचे काय करता येईल तेही पाहावे, म्हणून हा लेख.

एक कोंबडी आणि एक रोटी

इजिप्तचा शासक अहमद इब्न तुलून याने इ.स. ८७२ ते ८७४ च्या सुमारास आपल्या राजधानीत एक बीमारिस्तान उभारले. 'बीमार' आणि 'स्तान' हे दोन्ही फारसी शब्द आपल्या ओळखीचे आहेत. बीमारिस्तान म्हणजे आजाऱ्यांची जागा. पंधराव्या शतकातला कैरोचा इतिहासकार मकरीझी याने तिथला नियम नोंदवून ठेवला आहे. रुग्ण आला की त्याचे कपडे आणि जवळचे पैसे उतरवून घेत आणि ते एका अमीनाकडे, म्हणजे विश्वासू कारभाऱ्याकडे ठेवत. त्याला दवाखान्याचे कपडे, अंथरूण आणि औषध देत. बरा होत आला की त्याच्यापुढे एक कोंबडीचे पिल्लू आणि एक रोटी ठेवत. ते त्याने खाल्ले की त्याला घरी जाण्याची परवानगी मिळे आणि कपडे व पैसे परत केले जात.

आज हसू येईल, पण जरा विचार करा. त्या काळी रक्ततपासणी नव्हती, एक्स-रे नव्हता. माणूस घरी जाण्याजोगा झाला की नाही हे ठरवायचे कसे? कोणाच्या मर्जीवर न सोडता एक उघड, सर्वांना दिसणारी कसोटी ठरवली गेली. भूक लागते, चावता येते, पचते, उठून बसता येते, एवढे सगळे त्या एका जेवणात तपासले जाई. आणि कपडे-पैसे अमीनाकडे ठेवण्याच्या नियमाचा अर्थ असा, की रुग्ण दाखल होतो त्या क्षणीच तो परत जाणार आहे हे गृहीत धरलेले होते. आजचे जाणकारही हेच सांगतात की घरी पाठवण्याची तयारी दाखल केल्याच्या दिवसापासून सुरू व्हावी.

याच इब्न तुलूनविषयी आणखी एक गोष्ट सांगतात. तो दर शुक्रवारी स्वतः रुग्णांना पाहायला जाई. एकदा मानसिक आजार असलेल्या एका रुग्णाने त्याच्याकडे डाळिंब मागितले आणि मिळाल्यावर तेच त्याच्या छातीवर फेकून मारले. त्यानंतर शासकाची ही फेरी बंद पडली. दवाखाना मात्र चालू राहिला, कारण तो शासकाच्या भेटीवर चालत नव्हता, वक्फच्या उत्पन्नावर चालत होता.

कमावता होईपर्यंतचा खर्च

बाराव्या शतकाच्या अखेरीस मोरोक्कोतल्या मराकेश शहरात अल-मोहद घराण्याचा खलीफा याकूब अल-मन्सूर याने एक मोठा दवाखाना बांधला. अब्दुल वाहिद अल-मराकुशी या इतिहासकाराने १२२४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. झाडे, वाहते पाणी, रुग्णांना दिवसाचे आणि रात्रीचे, उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे वेगळे कपडे, हे सगळे त्यात येते. पण माझे लक्ष वेधले ते पुढच्या वाक्यांनी. रुग्ण बरा झाला आणि तो गरीब असेल, तर निघताना त्याला इतके पैसे दिले जात की पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत त्याचे भागावे. तो श्रीमंत असेल, तर त्याचा ठेवलेला पैसा आणि सामान त्याच्या हवाली केले जाई.

हा विचार फार खोल आहे. हमाली करणारा, विटा वाहणारा, शिवणकाम करणारा माणूस तापातून उठतो तेव्हा त्याचा रोग गेलेला असतो, पण अंगातली ताकद आलेली नसते. घरी चूल पेटायची तर त्याला दुसऱ्या दिवशीच कामावर जावे लागते. तो जातो आणि पुन्हा पडतो. आठ-दहा दिवसांची मजुरी हातात नसणे हेच त्याच्या पुढच्या आजाराचे कारण ठरते. ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखली आणि ती औषधाच्या खर्चात धरली.

कैरोमध्ये सुलतान अल-मन्सूर कलावून याने १२८४ च्या सुमारास जे बीमारिस्तान उभारले, त्याची कथा आणखी तपशिलात मिळते. कलावून सुलतान होण्यापूर्वी एका मोहिमेत दमास्कसजवळ पोटशूळाने आजारी पडला. तिथल्या नूरुद्दीन झंगीने ११५४ मध्ये स्थापलेल्या बीमारिस्तानातून त्याच्यासाठी औषध आले आणि तो बरा झाला. आपण सत्तेवर आलो तर असाच दवाखाना बांधू, असा नवस तेव्हा त्याने केला होता. तो त्याने पाळला. फातिमी काळातल्या एका वाड्याच्या जागेवर दवाखाना, मदरसा आणि मकबरा असा संच उभा राहिला. आजही कैरोच्या अल-मुइझ रस्त्यावर त्याचा मोठा भाग पाहता येतो.

या दवाखान्याचा वक्फनामा उपलब्ध आहे. त्यात पुरुष आणि स्त्रिया, श्रीमंत आणि गरीब, जवळचे आणि दूरचे, स्थानिक आणि परदेशी, सर्वांना उपचाराचा हक्क दिला आहे. बरे होईपर्यंत त्यांना ठेवायचे आहे आणि कोणाकडूनही मोबदला घ्यायचा नाही. जो बरा होऊन निघेल त्याला रिवाजाप्रमाणे, त्याच्या जोगे कपडे वक्फच्या उत्पन्नातून द्यायचे. जो मरण पावेल त्याचे गुस्ल, कफन आणि दफन त्याच उत्पन्नातून करायचे. आणि जे गरीब आपल्या घरीच आजारी पडून आहेत, त्यांनाही लागेल ते सरबत आणि औषध पोहोचवायचे.

म्हणजे या दस्तऐवजाच्या लेखी दवाखाना चार भिंतींत संपत नव्हता. त्याची एक बाजू रुग्णाच्या घरात होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगताना फक्त उजळ बाजू सांगायची सवय आहे. मकरीझीनेच नोंदवले आहे की कलावूनच्या या बांधकामात लोकांना सक्तीने राबवले गेले आणि त्यामुळे काही धर्मनिष्ठ लोक तिथे नमाज पढायलाही कचरत. पुढच्या शतकांत वक्फच्या मिळकती हडपल्या गेल्या, उत्पन्न आटले. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर आलेल्या फ्रेंच अभ्यासकांना तिथे मोजकेच रुग्ण आणि मोडकळीला आलेली व्यवस्था दिसली. वक्फनाम्यातला शब्द न शब्द तसाच होता. तो अमलात आणणारे हात उरले नव्हते. चांगला नियम लिहिला म्हणजे तो आपोआप चालतो असे नाही, हाही त्या इतिहासाचाच धडा आहे.

दमास्कसचा तीन दिवसांचा पाहुणा

लोकांना लवकर घरी पाठवायचे, पण अपमान न करता, हे कसे साधावे? याची एक सुरेख गोष्ट खलील इब्न शाहीन अल-झाहिरी या मामलुक अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. पंधराव्या शतकात तो दमास्कसच्या त्या जुन्या नूरी बीमारिस्तानात गेला होता. त्याच्याबरोबर एक इराणी सद्गृहस्थ होता. तिथले पदार्थ, सरबते आणि सोयी पाहून त्या गृहस्थाला मोह झाला आणि तो आजाराचे सोंग करून दाखल झाला. मुख्य हकीमाने नाडी पाहिली आणि सगळे ओळखले. पण तो काही बोलला नाही. उलट कोंबडी, मिठाई, फळे आणि सरबत असा उत्तम आहार त्याने लिहून दिला. तीन दिवस झाल्यावर हकीमाने त्याला चिठ्ठी पाठवली की पाहुणचार तीन दिवसांचा असतो. मेहमानीची मर्यादा तीन दिवस, ही हदीस त्या गृहस्थाला ठाऊक होतीच. तो समजला आणि उठून गेला.

या गोष्टीत गंमत आहे, पण हकीमाच्या डोक्यात एक हिशेबही आहे. खाट एकाची नसते. तिच्यावर आज जो आहे त्याच्यामागे दारात दुसरा कोणी उभा असतो. गरज संपल्यावर खाट अडवून बसणे म्हणजे त्या दुसऱ्याचा हक्क अडवणे. आणि तरीही जाणाऱ्याला दरवाजा दाखवायची एक रीत असते.

आपल्या दख्खनलाही हा वारसा नवा नाही. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद (१४३६ ते १४५८) याने बीदरला दारुश्शिफा बांधली, तिच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तिथे मुसलमान व हिंदू दोन्ही वैद्य नेमले, असे फरिश्ता सांगतो. हैदराबादेत मुहम्मद कुली कुतुबशाहने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली दारुश्शिफा तर त्या भागाला आपले नाव देऊन गेली. बीदर आणि हैदराबाद ही मराठवाड्याला परकी शहरे नव्हेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे नातेसंबंध, शिक्षण आणि उपचार त्याच वाटेने होत असत.

खाटेवर पडून राहण्याचे नुकसान

युरोपात एकोणिसाव्या शतकात दवाखाने वाढले, तसा वेगळाच प्रश्न उभा राहिला. दवाखान्यातच लोकांना नवे रोग लागत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ च्या आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात स्पष्ट मत मांडले, की उपचारासाठी आवश्यक असेल त्याहून एक दिवसही जास्त रुग्णाने तिथे राहू नये. सावरण्यासाठी वेगळी, मोकळ्या हवेची जागा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

१८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना 'आल्मोनर' म्हणून नेमले. आल्मोनर म्हणजे मुळात खैरात वाटणारा अधिकारी. त्यांचे काम मात्र उलटे होते. ऐपत असूनही फुकट उपचार घेणारे लोक ओळखून काढायचे. पण दारात बसून रुग्णांशी बोलताना आल्मोनरांना दिसले ते वेगळेच. माणसाच्या आजाराची मुळे त्याच्या खोलीत, त्याच्या पगारात, त्याच्या चुलीत होती. हळूहळू त्यांच्या कामाचा रोख बदलला आणि रुग्ण घरी गेल्यावर त्याची सोय लावणे हा त्या व्यवसायाचा भाग बनला. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये असेच काम सुरू केले आणि आयडा कॅनन यांनी ते पुढे अनेक वर्षे चालवले. कॅबट यांचा मुद्दा साधा होता. ज्याच्या घरी खायला नाही त्याला 'सकस आहार घ्या' आणि ज्याला रजा मिळत नाही त्याला 'विश्रांती घ्या' असे लिहून देण्यात अर्थ काय?

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस, कधी आठवडे, पडून राहणे हाच नियम होता. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडू लागल्या, रुग्णांना लवकर उठवावे लागले आणि डॉक्टरांच्या लक्षात आले की लवकर उठलेले लोक उलट लवकर बरे होतात. १९४७ मध्ये डॉ. रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला. पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीवर जखमा, हाडांची झीज, बद्धकोष्ठ, खचलेले मन, अशी एकेका अवयवाची यादीच त्यांनी दिली.

याच काळात डॉ. मार्जरी वॉरन यांनी वृद्धांसाठी जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीबगृहाचा ७१४ खाटांचा दवाखाना सोपवण्यात आला. त्यात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले म्हातारे होते. अनेकांच्या आजाराचे नीट निदानही कोणी केले नव्हते. डॉ. वॉरन यांनी एकेकाला तपासले, वर्गवारी केली, भिंतींना उजळ रंग दिला, धरायला कठडे बसवले, व्यायाम सुरू केला. 'आता हे उठणार नाहीत' असे ज्यांच्याविषयी ठरून गेले होते, त्यांतले कितीतरी जण चालू लागले आणि घरी गेले. वृद्धांचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा तिथून आकाराला आली.

याची दुसरी बाजूही आहे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने प्रत्येक आजाराला ठराविक रक्कम देण्याची पद्धत आणली. रुग्ण जितका लवकर जाईल तितका दवाखान्याचा फायदा. मुक्काम कमी झाले, पण लोकांना अर्धवट बरे असतानाच घरी पाठवले जाते अशी तक्रारही सुरू झाली. अखेर २०१२ पासून तीस दिवसांच्या आत फार रुग्ण परत दाखल होत असतील, तर त्या दवाखान्यांचे पैसे कापले जाऊ लागले. दरम्यान मेरी नेलर यांच्यासारख्या परिचारिका-संशोधकांनी दाखवून दिले होते, की एक प्रशिक्षित परिचारिका दवाखान्यापासून घरापर्यंत वृद्ध रुग्णाच्या सोबत राहिली, तर पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटते. तात्पर्य असे की 'लवकर' आणि 'सुरक्षित' हे दोन शब्द वेगळे करता येत नाहीत. नुसते लवकर म्हणजे ढकलून देणे आणि नुसते सुरक्षित म्हणजे अडकवून ठेवणे.

आपल्याकडे काय आहे

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे.जे. रुग्णालय १८४५ पासून चालू आहे. भारतातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ मध्ये तिथेच नेमला गेला. आज मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची खोली असते. आपल्यातले किती लोक तिचे दार ठोठावतात? बिल भरताना जीव मेटाकुटीला आला, तरी त्या खोलीची पाटी आपल्याला दिसत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ अअ कलमाखाली आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये एक छोटी तरतूद आहे. रुग्णाला घरी परतण्यासाठी एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे त्यात धरलेले आहे, आणि घरी गेल्यानंतरच्या दहा दिवसांचा सल्ला व औषधेही. ही ओळ वाचताना मला मराकेशची आठवण झाली. काळ बदलला, दिनाराच्या जागी एस.टी.चे तिकीट आले, पण विचार तोच आहे.

बाळंतिणींसाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आई आणि बाळाला मोफत गाडीने घरी सोडणे हा त्यांचा हक्क आहे. मग आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी ठरलेल्या आहेत. जगभर ज्याला मोठी नावे देतात ते काम आपल्या गल्लीत एक बाई पिशवी खांद्याला अडकवून करते. तिला आपण पाणी तरी विचारतो का, हा ज्याने त्याने स्वतःला विचारायचा प्रश्न.

बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, हेही ठाऊक असावे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत घरी जाण्याचा, आणि मृत्यू झाल्यास पार्थिव ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. विमा असेल तर विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, दवाखान्याकडून विनंती गेल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. उशिरामुळे खर्च वाढला तर तो कंपनीचा.

अयादत दवाखान्यातच संपते का?

आता आपल्याकडे येऊ. आजाऱ्याची विचारपूस करणे, म्हणजे अयादत, ही आपल्याकडे सुन्नत मानली जाते आणि आपण ती मनापासून पाळतो. कोणी दाखल झाल्याचे कळले की संध्याकाळच्या वेळेत वॉर्डबाहेर चपलांचा ढीग पडतो. सफरचंदे आणि नारळपाणी यांनी खाटेखालची जागा भरून जाते. परिचारिका ओरडतात, आपण थोडे नाराज होतो. पण ज्या दिवशी रुग्ण घरी येतो त्या दिवशी गर्दी ओसरते. 'आता घरी आले ना, अल्हम्दुलिल्लाह' असे म्हणून आपण मोकळे होतो. खरी गरज नेमकी त्याच दिवशी सुरू होते. रात्री शौचाला कोण नेणार? दुसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? ड्रेसिंग कोण करणार? रोजंदारीवरच्या मुलाने किती दिवस घरी बसायचे?

शिक्षक असल्याने या प्रश्नाची एक बाजू मी जवळून पाहतो. आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी आठवडाभर आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, तिची दादी खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी आली होती आणि घरात इंग्रजी अक्षरे वाचू शकणारी ती एकटीच होती. डिस्चार्ज कार्ड तिच्या ताब्यात होते. गोळ्यांपुढे बी.डी., टी.डी.एस., एच.एस., एस.ओ.एस. असे लिहिले होते. टी.डी.एस. म्हणजे पगारातून कापतात तो कर, असे तिच्या अब्बांनी सांगितले होते. हसण्यासारखे आहे, आणि नाहीही. ही अक्षरे बहुतेक लॅटिनची आहेत. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. दादीची दुखण्याची गोळी एस.ओ.एस. होती आणि ती रोज तीन वेळा दिली जात होती. बारा वर्षांच्या मुलीवर ही जबाबदारी टाकणाऱ्या त्या कागदावर एक ओळ मराठीत किंवा उर्दूत नव्हती.

रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हासुद्धा हक्क आहे. तो मागावा लागतो, आणि मागायला कोणीतरी सोबत असावे लागते.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. प्रत्येक जमातीत, प्रत्येक मोहल्ल्यात चार-पाच माणसांनी 'घरी सोडण्याचे' काम अंगावर घ्यावे. त्यात एखादी निवृत्त परिचारिका असावी, एखादा औषध दुकानदार, एखादा रिक्षावाला, एखादा शिक्षक. बायका असल्याच पाहिजेत, कारण आजाऱ्याची शुश्रूषा बहुतेक घरांत त्यांच्याच वाट्याला येते. कोणी दाखल झाले की या लोकांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच चार गोष्टी विचारून ठेवाव्यात. घरी जायला साधारण किती दिवस लागतील? घरी कोणते सामान लागेल? बिलासाठी कोणती योजना लागू होते, तिची कागदपत्रे कुठे आहेत? घरी रात्री कोण असेल?

निघण्याच्या दिवशी डॉक्टरांकडून तीन गोष्टी समजून घ्याव्यात आणि त्या घरच्या भाषेत मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. कोणते औषध केव्हा आणि किती दिवस. कोणते जुने औषध आता बंद. आणि काय झाले तर लगेच परत यायचे, म्हणजे किती ताप, कसली सूज, कुठून रक्त. पुन्हा दाखवायची तारीख त्याच कागदावर. मग पहिल्या आठवड्यात कोणीतरी रोज पाच मिनिटे डोकावून यावे. फळे नेली नाहीत तरी चालेल.

करोनाच्या काळात अनेक मशिदींनी आणि जमातींनी ऑक्सिजनची सिलिंडरे लोकांना वापरायला दिली, जात-धर्म न विचारता दिली. त्यांतली काही यंत्रे आज कुठल्या तरी खोलीत धूळ खात असतील. त्यांच्या शेजारी दोन चाकांच्या खुर्च्या, दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची, एक वर-खाली होणारी खाट ठेवली तर ती वर्षभर फिरत राहतील. पैशासाठी बैतुलमाल आहे, सदका आहे. आठ दिवसांची मजुरी आणि महिन्याचा किराणा एवढी मदत एखाद्या कुटुंबाला दिली, तर तो कमावता माणूस जखम ओली असताना कामावर जाणार नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या मराकेशमध्ये खलीफाने केले, ते आज पन्नास घरांचा मोहल्ला मिळून करू शकतो.

आपल्या गल्लीत शेजारी हिंदू असतील, बौद्ध असतील, ख्रिस्ती असतील. कलावूनच्या वक्फनाम्यात जवळचा-दूरचा, आपला-परका असा भेद नव्हता. बीदरच्या दारुश्शिफेत वैद्यही दोन्ही धर्मांचे होते. वॉकर कोणाच्या घरी गेला याची नोंद वहीत पत्त्यापुरती असावी.

येत्या शुक्रवारी नमाजनंतर पाच मिनिटे थांबून आपल्या मशिदीच्या जबाबदार मंडळींना एवढेच विचारा, की या महिन्यात आपल्या मोहल्ल्यातून कोण कोण दवाखान्यातून घरी आले? यादी लगेच तयार होईल. त्या यादीतल्या पहिल्या घराचे दार त्याच संध्याकाळी ठोठावता येईल.